काचेतल्या सोन्याला लांबवतो कोण?

मराठवाड्यातल्या बिडकीनवरून जाणारा रस्ता पैठणला पोचतो, आणि पैठणच्या नावाशी जोडलेली जर ही धातूला हवा तो आकार देण्याची फार जुनी रीत आहे. चांदीची कांडी पोलादी पट्टीतल्या एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत न्यायची, म्हणजे तिची तार होते. तार चेपून चपटी करायची, रेशमी धाग्यावर गुंडाळायची, म्हणजे जर तयार. (आजची बहुतेक जर सुरतहून येते आणि तिच्यात चांदी असतेच असे नाही, पण कृतीचे तत्त्व तेच.) या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: धातू हाती लागतो. त्याला चिमट्यात धरता येते, ओढता येते, ठोकता येते. आता समजा सोन्याचा एक गोल कण आहे, त्याचा व्यास 20 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग, आणि तो घन काचेच्या आत चहूबाजूंनी बंद आहे. चिमटा नाही, छिद्र नाही, काच फोडायची नाही. तरीही असे कोट्यवधी कण एकाच वेळी, एकाच दिशेत लांब करून त्यांच्या कांड्या बनवता येतात. त्यासाठी काचेवर जड आणि अतिवेगवान आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, झोत सोडावा लागतो. झोत सोडला आणि कण लांबले, एवढे सांगून बहुतेक लोकप्रिय लेख थांबतात. झोताने ‘ठोकून’ धातू लांबवला, असा समज त्यातून होतो. तो चुकीचा आहे आणि या प्रकरणात तोच खोडून काढायचा आहे. झोत धातूला आकार देत नाही. तो धातूला आणि काचेला क्षणभर घनपणातून सोडवतो. आकार ठरतो तो काच आणि धातू यांच्या स्वभावातल्या फरकाने.

आधी, एवढा खटाटोप कशासाठी, ते पाहू. सोन्याचा किंवा चांदीचा कण इतका लहान झाला की त्याचा रंग धातूइतकाच त्याच्या आकारावर अवलंबून राहतो. प्रकाश पडला की कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावतात, आणि ज्या रंगाच्या प्रकाशाशी हे हेलकावे जुळतात तो रंग शोषला जातो. काचेतले सोन्याचे गोल कण सुमारे 530 नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून काच लाल दिसते. चांदीचे कण 400 नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या टोकाला शोषतात, म्हणून काच पिवळी. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक बाहेरून उजेड पडला तर हिरवा आणि आतून पडला तर लाल दिसतो, तो याच कारणाने, आणि त्याच्या कारागिरांना नॅनोकणांची कल्पनाही नव्हती. गुस्ताव मी यांनी 1908 साली गोल कणांचे गणित मांडले. चार वर्षांनी रिचर्ड गान्स यांनी ते लांबट कणांपर्यंत नेले. त्या गणिताचा निष्कर्ष साधा आहे. कण लांबट झाला की हेलकाव्यांच्या दोन वेगळ्या तऱ्हा होतात: लांबीच्या दिशेतला हेलकावा तांबड्या टोकाकडे सरकतो आणि रुंदीच्या दिशेतला किंचित निळ्याकडे. सगळे कण एकाच दिशेत लांबलेले असतील तर तीच काच ध्रुवित प्रकाशाच्या दोन दिशांना दोन वेगवेगळे रंग दाखवते. म्हणून कणांचा आकार आणि त्यांची दिशा हाती आली की प्रकाश गाळण्याचे साधन हाती येते.

काचेत कण आणण्याचे मार्ग अनेक आहेत. काच वितळलेली असतानाच धातूचा क्षार घालता येतो, सिलिका आणि धातू यांचा पातळ थर एकत्र चढवता येतो, किंवा काही दहा हजार ते काही लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या कमी ऊर्जेच्या आयनांच्या रूपाने धातूच काचेत रोवता येतो आणि मग काच तापवून त्याचे कण गोळा होऊ देता येतात. या सगळ्यांतून बहुतेकदा गोलच कण मिळतात, कारण गोलात पृष्ठभाग सर्वांत कमी असतो आणि धातूला तेच सोयीचे असते. हा मुद्दा पुढे लागणार आहे: कणाला त्याच्या मर्जीवर सोडले तर तो गोल होतो. तो लांबट दिसला तर कुणीतरी त्याला तसे व्हायला भाग पाडले आहे, आणि पुन्हा गोल व्हायला सवड दिलेली नाही.

लांबवणारा झोत मात्र अगदी निराळ्या ऊर्जेचा लागतो, साधारण दहा कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. अशी यंत्रे देशात मोजकी आहेत. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा 14 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक 1988च्या अखेरीस सुरू झाला. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात 15 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आहे, आणि ते केंद्र मुळातच विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी उभारले गेले. तिथे देवेश अवस्थी आणि सहकाऱ्यांनी काचेतल्या सोन्याचांदीच्या कणांवर वेगवान जड आयनांचा परिणाम वर्षानुवर्षे तपासला. जी. के. मेहता यांच्यासोबतचे त्यांचे या विषयावरचे पुस्तक 2011 साली प्रसिद्ध झाले. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने वेगळी वाट धरली. तिथल्या मायक्रोट्रॉन या इलेक्ट्रॉन-त्वरकाच्या 60 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांनी द्रावणातल्या क्षारापासून चांदीचे नॅनोकण बनवता येतात आणि इलेक्ट्रॉनांच्या मात्रेने कणांचे आकारमान नियंत्रित करता येते, हे 2006 साली दाखवले गेले. दोन्ही ‘किरणोत्साराने नॅनोकण’ या एकाच शीर्षकाखाली येतात, पण त्यांच्यात मोठे अंतर आहे. मायक्रोट्रॉनमधला इलेक्ट्रॉन काचेतून जाताना दर नॅनोमीटरला अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्टही सोडत नाही. दहा कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचा चांदीचा आयन दर नॅनोमीटरला दहा हजारांहून जास्त सोडतो. इलेक्ट्रॉन रसायन घडवतो, बंध तोडतो, क्षारातून धातू सुटा करतो. घन कणाला वितळवणे त्याच्या आवाक्यात नाही.

जड आयनाच्या या खर्चाचा हिशेब एकदा नीट करून पाहावा. दर नॅनोमीटरला 12 हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट धरले आणि ती ऊर्जा 10 नॅनोमीटर व्यासाच्या नळीत पसरली असे मानले, तर प्रत्येक नॅनोमीटर लांबीत सिलिकाचे सुमारे 5,200 अणू येतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जा येते. तिचा काही भागच अणूंच्या थरथरीत उतरला, तरी तापमान हजारो अंशांवर जाते. ही ऊर्जा आयन अणूंना टक्कर मारून देत नाही. तो प्रामुख्याने इलेक्ट्रॉनांना उत्तेजित करतो आणि ते इलेक्ट्रॉन नंतर अणूंना तापवतात. काचेत वितळलेली एक अतिसूक्ष्म नळी तयार होते आणि सेकंदाच्या शंभर अब्जाव्या भागाच्या आसपास तिचा बराचसा ताप ओसरतो.

इथे एक कोडे उभे राहते, आणि माझ्या मते या विषयातले तेच सर्वांत मोलाचे. 1983 साली बर्लिनमध्ये क्लाउम्युन्झर आणि शूमाखर यांनी पॅलेडियम-सिलिकॉनच्या काचरूप धातूवर जड आयनांचा मारा केला. नमुना झोताच्या दिशेत आखूड झाला आणि झोताला काटकोनात पसरला; घनफळ जवळपास तेवढेच राहिले. स्फटिकरूप पदार्थांत असे होत नाही, काचेसारख्या अस्फटिक पदार्थांत होते. या परिणामाला ‘आयन हॅमरिंग’ म्हणजे आयनांचे ठोकणे असे नाव पडले. सिलिकाचे गोल कण अशा झोताखाली ठेवले तर ते चपटे होतात, हे नंतर ॲमस्टरडॅमला अल्बर्ट पोलमन यांच्या गटाने दाखवले. पण त्याच सिलिकाच्या पोटात धातूचा कण असला तर तो उलट वागतो. 2003 साली फ्रान्समध्ये सिलिकातले कोबाल्टचे कण 20 कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आयोडीन आयनांनी झोताच्या दिशेत लांबलेले आढळले. 2004 साली ॲमस्टरडॅम आणि उट्रेख्टच्या संशोधकांनी सिलिकाचे कवच असलेले सोन्याचे कण घेतले: कवच झोताला आडवे पसरले आणि आतले सोने झोताच्या दिशेत कांडीसारखे लांबले. एकच झोत, एकच मारा, तरी दोघांनी दिशा विरुद्ध धरल्या. धातू जर झोताच्या ठोक्याने लांबत असता, तर काचेने उलटी दिशा का घेतली असती?

यावर पहिला आक्षेप येतो तो ढकलण्याचा. आयन एका बाजूने येतो, त्याच्याजवळ वेग आहे. मग त्याने धातूला पुढे रेटून ताणले असेल. हे गणिताने पडताळता येते. 20 नॅनोमीटर सोन्यातून जाताना असा आयन आपल्या ऊर्जेचा अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा भाग सोडतो. तेवढ्याने साऱ्या कणाला मिळणारा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर इतकाच भरतो, आणि कण वितळलेला असतो त्या क्षणात त्या वेगाने तो एका अणूच्या व्यासाएवढाही सरकत नाही. शिवाय रेट्याने लांबलेला कण पुढच्या टोकाला वेगळा आणि मागच्या टोकाला वेगळा दिसायला हवा. प्रत्यक्षात कांड्यांची दोन्ही टोके सारखीच असतात. ढकलण्याचा मुद्दा इथेच संपतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. झोताने काच तापते, तापलेल्या काचेत धातू मऊ होतो, मग भट्टीत ठेवले तरी हेच घडेल ना? घडत नाही. भट्टीत पुरेसे तापवले तर लांबवलेले कण उलट गोलाकडे परततात, कारण त्यांना सवड मिळते. झोताचे वैशिष्ट्य ती सवड नाकारण्यात आहे. समजा एक चौरस सेंटिमीटर काचेवर सेकंदाला सुमारे 6 अब्ज आयन पडत आहेत. अशा यंत्रांवर हा झोत वाजवी म्हणता येईल. 20 नॅनोमीटरच्या एका कणाच्या वाट्याला सुमारे दर 53 सेकंदांनी एखादा आयन येतो. तो कणाला सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळ वितळवतो आणि मग पुढचे जवळपास मिनिटभर कण थंडगार घन असतो. लांबण्यासाठी असे सुमारे तीनशे आघात धरले, तर एकूण सुमारे साडेचार तासांत कणाचा द्रव अवस्थेतला सगळा काळ मिळून एका सेकंदाचा दशलक्षांशही भरत नाही. प्रत्येक आघात थोडासा बदल करतो आणि पृष्ठताणाला तो पुसून टाकायला वेळ मिळण्याआधीच सारे गोठते. भट्टी आणि झोत, दोन्ही उष्णताच देतात. फरक पडतो तो थंड होण्याच्या वेगाने.

मग लांबण्याची दिशा कुठून येते? काही वर्षे असे मानले जाई की काच आडवी पसरताना आतल्या मऊ धातूला कडेने दाबते आणि धातू झोताच्या दिशेत बाहेर पडतो. या स्पष्टीकरणात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. हेलसिंकीच्या संशोधकांनी संगणकावर अणूअणूची हालचाल काढून 2014 साली दाखवले की आयनाने काचेत केलेल्या नळीचा गाभा क्षणभर विरळ होतो. कणातला वितळलेला धातू त्याच वेळी प्रसरण पावत असतो, आणि त्याला सरकायला तीच विरळ वाट मिळते: कणाच्या पुढून आणि मागून, झोताच्या रेषेत. परतण्याआधी तो गोठतो. ही गोष्ट खरी असेल तर कांडीची रुंदी काचेतल्या त्या नळीच्या मापाशी निगडित असायला हवी. कॅनबेराच्या मार्क रिजवे आणि सहकाऱ्यांनी 2011 साली वेगवेगळ्या धातूंच्या कांड्या मोजल्या. लांबणे एका मर्यादेनंतर थांबते, रुंदी एका किमान मापावर स्थिरावते, आणि ते माप तो धातू वितळवायला किंवा त्याची वाफ करायला किती ऊर्जा लागते त्याच्याशी जुळते, असे त्यांना आढळले. नळीपेक्षा लहान कण कांडी होतच नाहीत. ते हळूहळू काचेत विरघळतात आणि त्यांचे अणू जाऊन शेजारच्या मोठ्या कणांना मिळतात. फार मोठ्या कणांना एका आयनाने पूर्ण वितळवता येत नाही, म्हणून तेही जवळपास गोलच राहतात.

मला सर्वांत ठोस वाटणारा पुरावा धातूचा नसून जर्मेनियमचा आहे. बहुतेक धातू वितळताना फुगतात. जर्मेनियम वितळताना बर्फासारखे आकसते. 2009 साली ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सिलिकातले जर्मेनियमचे गोल कण आयोडीनच्या झोताखाली ठेवले, तर मोठे कण कांड्या न होता चकत्यांसारखे चपटे झाले. झोत तसाच, काच तशीच. बदलला तो फक्त कणाचा वितळताना वागण्याचा स्वभाव, आणि आकार उलटला. ठोकण्याची कल्पना इथे अडते. काच आणि कण यांतल्या फरकाच्या कल्पनेला मात्र इथे बळ मिळते. लहान जर्मेनियम कण कांड्याच झाले, हेही मान्य करायला हवे, म्हणजे हिशेब एका वाक्यात संपणारा नाही. पण आयनाची ऊर्जा वाढवत नेली की हवा तो आकार मिळेल, ही समजूत तरी मोडते.

आता व्यवहाराचा प्रश्न. बिडकीन औद्योगिक क्षेत्र 7,855 एकरांवर पसरले आहे आणि सप्टेंबर 2024 मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. इलेक्ट्रिक वाहनांच्या कारखान्यांची नावे तिथे घेतली जातात. अशा नव्या औद्योगिक वसाहतीत ‘नॅनो’ हा शब्द फार लवकर पोचतो, आणि आयनझोताने काच रंगवण्याचा कारखाना हे स्वप्नही कुणी विकायला आणेल. त्यासाठी वरचाच हिशेब पुढे नेऊ. एका चौरस सेंटिमीटरला साडेचार तास लागतात, तर एका चौरस मीटरला पंचेचाळीस हजार तास, म्हणजे अहोरात्र चालवले तर पाच वर्षे. झोत दहापट वाढवला तरी सहा महिने. आणि एवढे करून आयन काचेत शिरतात ते केसाच्या जाडीपेक्षाही कमी खोलवर. याउलट अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने त्वरकाला हातही न लावता लांबट चांदीचे कण असलेली ध्रुवक काच केव्हाच बाजारात आणली: चांदीचे क्षार असलेली काच तापवून सरळ ताणायची आणि मग क्षारातून चांदी मोकळी करायची. कणांच्या आकाराचे काम तिथे भट्टी आणि ओढणारे यंत्र करते. रंगीत किंवा ध्रुवक काचेच्या उद्योगासाठी वेगवान आयनांचा झोत ही वाट नाही, हे मी निःशंकपणे म्हणेन.

यावर कुणी विचारेल की मग देशाने अशा प्रयोगांवर यंत्रांचा वेळ का घालवावा. आक्षेप रास्त आहे, आणि ‘भविष्यात उपयोग होईल’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर असे की या प्रयोगांतून काचेचे आणि धातूचे असे गुण मोजता येतात जे दुसऱ्या कुठल्या वाटेने मोजणे कठीण आहे: सेकंदाच्या अब्जाव्या भागाहून कमी वेळात वितळून गोठणारा पदार्थ कसा वाहतो, किती विरळ होतो, किती ताण सहन करतो. आयनांचा मारा झेलणारे पदार्थ, मग ते अणुभट्टीतले असोत की अवकाशयानातले, नेमक्या याच स्थितीतून जातात. शिवाय प्रत्येक चिपमध्ये लागणारे आयनरोपण ही याच शास्त्राची कमी ऊर्जेची बाजू आहे. महाराष्ट्रात कुठे चिपनिर्मिती आली तर तिथे लागणारी माणसे आयनझोताची भाषा जाणणारी असावी लागतील, आणि ती भाषा विद्यापीठातच शिकवावी लागेल.

म्हणून बिडकीन-पैठण भागातल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. दिल्लीच्या केंद्राकडे झोताच्या वेळेसाठी विद्यापीठांतून प्रस्ताव पाठवता येतो. प्रस्तावात ‘कणांचा आकार बदलून पाहणे’ एवढेच लिहू नका, कारण ते आता सर्वांना माहीत आहे. एकाच आकारमानाचे सोन्याचे कण दोन वेगळ्या काचांत घ्या, झोत तोच ठेवा, आणि लांबी कोणत्या काचेत किती वाढते ते मोजा. असे नमुने बनवायला त्वरक लागत नाही. ते आपल्याच प्रयोगशाळेतल्या भट्टीत आणि थर चढवण्याच्या यंत्रात तयार होतात, आणि प्रयोगाचे अर्ध्याहून अधिक यश तिथेच ठरते.